मधली जागा

"ते मधलं काय वाजवलंस रे? तिथं गाणाऱ्यानं श्वास कुठं घ्यायचा?" मंगळवार पेठेतल्या माडीवर आज पेटीवाल्या काकांनी एवढेच विचारले.

जी मेजर या कॉर्डवरून (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटावरून) ए मायनरकडे जाताना, पेडल स्टील गिटारचा (ही आडवी ठेवून, पेडल-लिव्हरने तारांचे सूर बदलत वाजवतात) तारांवर टेकवलेला धातूचा बार 3ऱ्या फ्रेटवरून न हलवता, गुडघ्याच्या लिव्हरने ईच्या तारा अर्ध्या सुराने चढवून मी जी शार्प डिमिनिश्ड हा मधला कॉर्ड काढला होता. पुढे ए आणि बी नावाची पायाची पेडल एकदम दाबून ए मायनरऐवजी सी मेजर घेतला होता. काकांनी खर्जात पांढरी सहा, म्हणजे ए, धरल्यामुळे त्याचा ए मायनर सेव्हन झाला, याचे मला कोण कौतुक!

काकांचे लक्ष मात्र मधल्या कॉर्डच्या त्या एका मात्रेवर होते. रात्री लिव्हर अर्धी मात्रा उशिरा दाबून पाहिला. जागा मोकळी झाली, पण श्वासापुरती झाली का?