चौकात तळं: आईबरोबर तस्कनीतल्या डोंगरगावांत

फ्लोरेन्स आणि सिएनाबद्दल मराठीत भरपूर लिहून झालंय. आम्हीही तिथे गेलो, रांगा लावल्या, डोळे भरून पाहिलं. पण मला लिहायचंय ते सिएनाच्या दक्षिणेला, ओर्चा नदीच्या खोऱ्यातल्या गावांबद्दल. त्यातही सगळ्यात आधी तिथल्या गरम पाण्याबद्दल.

मी म्युनिकला असते. सप्टेंबरअखेर आई सांगलीहून आली. बाबांना एवढा लांबचा विमानप्रवास नको होता. इटलीला जाऊ म्हटल्यावर आई फारशी खुलली नव्हती, पण तिथे गरम पाण्याचे झरे आहेत हे ऐकल्यावर तिने लगेच बॅग काढली. लहानपणी सुट्टीत मुंबईच्या मावशीकडे गेली की सगळे वज्रेश्वरी-गणेशपुरीला जायचे, त्या कुंडांची आठवण ती अजून काढते. शिवाय आता गुडघे दुखतात.

पहिल्या संध्याकाळी मात्र तिचा हिरमोड झाला. एका हॉटेलच्या गरम पाण्याच्या तलावाची तिकिटं मी आधीच काढून ठेवली होती. दारातच आईला अडवलं. स्विमसूट आणि टोपी सक्तीची. आईने पोहण्यासाठी मुद्दाम आणलेला लांब बाह्यांचा कुर्ता आणि लेगिंग चालणार नव्हतं. काउंटरवरची मुलगी अगदी नम्र होती, स्विमसूट विकत मिळेल म्हणाली. अडुसष्ट वर्षांच्या बाईला हे असं सांगतात, आणि तिच्या मागे रांगेत लोक उभे. "तू जा, मी इथे बसते," आई म्हणाली. अर्थात मी गेले नाही. स्वच्छतेचा नियम मला समजतो. पण तिकीट विकताना तो ठळक लिहायला काय हरकत आहे? पैसे गेले त्याचं दुःख नाही, आई त्या संध्याकाळी जेवताना गप्प होती त्याचा राग अजून आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बान्यो विन्योनीला गेलो. गाडी गावाबाहेर लावायची आणि चालत आत जायचं, तेही सपाट रस्त्याने. इतर गावांच्या मधोमध चौक असतो, इथे चौकाच्या जागी तळं आहे. जवळपास ५० मीटर लांबीचं, दगडी काठाचं आयताकृती तळं, चारी बाजूंनी जुनी घरं, आणि तळातून बुडबुडे येतायत. हवा गार होती म्हणून पाण्यावर वाफ तरंगत होती. आम्याता नावाचा १७३८ मीटर उंचीचा डोंगर इथून दिसतो. तो विझलेला ज्वालामुखी. त्या बाजूला मुरलेलं पावसाचं पाणी खोल जाऊन तापतं आणि इथे सुमारे ५० अंशांवर वर येतं. रोमन लोकांना ही जागा माहीत होती, फ्लोरेन्सचा सत्ताधीश लोरेन्झो दे मेदिची इथे दुखण्यावर उपचार म्हणून येऊन राहिला होता. आता या तळ्यात उतरायला बंदी आहे.

तळ्याच्या एका बाजूला सिएनाच्या संत कॅथरीनच्या नावाची कमान आहे. तिथे बसून मी आईला गोष्ट सांगितली. कॅथरीन चौदाव्या शतकातली. सिएनात रंगाऱ्याच्या घरी जन्मली. लहानपणीच लग्न न करण्याचं ठरवलं, केस कापून टाकले, उपास करकरून शरीर झिजवलं. तिच्या आईने, लापाने, तिचं मन वळावं म्हणून तिला या स्नानाला आणलं. कॅथरीनने काय करावं? जिथे पाणी सगळ्यात कढत येतं, तिथे जाऊन मुद्दाम अंग भाजून घेतलं.

आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "सिएना इथून किती लांब?" सुमारे ५० किलोमीटर, मी म्हटलं. "आणि पोरं किती होती तिला?" लापाची वीसहून जास्त बाळंतपणं झाली होती. आई म्हणाली, "एवढी पोरं मागे ठेवून ती बाई त्या काळात पन्नास किलोमीटर घेऊन आली हिला. कमानीला नाव मात्र मुलीचं."

मला यावर बोलायला काही सुचलं नाही. कॅथरीनबद्दल मी बरंच वाचलं होतं. पोपना पत्रं लिहिणारी, फ्रान्समधल्या आविन्योंहून परत रोमला या म्हणून त्यांच्या मागे लागणारी, आज इटलीची रक्षक संत मानली जाणारी ही बाई मला फार थोर वाटते. पण लापाच्या बाजूने मी कधी पाहिलंच नव्हतं. आई नंतरही दोन-तीनदा लापाचा विषय काढत राहिली, जणू नात्यातलीच कुणी.

तळ्यातलं पाणी गावाच्या कडेने दगडी पाटांमधून वाहत कड्याकडे जातं. तिथे कातळात खोदलेल्या चार जुन्या पाणगिरण्यांचे अवशेष आहेत. उन्हाळ्यात बाकीचे ओढे आटायचे तेव्हाही हे झऱ्याचं पाणी थांबायचं नाही, म्हणून आसपासच्या गावांचं धान्य इथे दळायला यायचं. आता त्या पाटांच्या काठावर बसून कुणीही पाय सोडावेत. तिकीट नाही, टोपी नाही. आईने सलवार गुडघ्यापर्यंत सारली आणि पाय पाण्यात सोडले. इथवर येताना पाणी निवून छान कोमट झालेलं असतं. शेजारी एक इटालियन आजोबा पँट दुमडून बसले होते, पलीकडे पाठीवर मोठ्या बॅगा घेऊन रोमला चालत निघालेले यात्रेकरू. रोमला जाणारा जुना यात्रामार्ग या गावावरूनच जातो, आणि इतकं चालून आलेल्या पायांना हे पाणी मिळतं याचा मला फार आनंद झाला. समोर दरी, दरीपलीकडे उंच सुळक्यावर रोक्का दोर्चाचा बुरूज. आई तासभर हलली नाही. दुपारी कारमध्ये बसताना तिने गुडघ्याला हात लावला नाही. ते पाण्यामुळे की बसून विश्रांती मिळाल्यामुळे, याच्या खोलात मी शिरले नाही.

अंगभर भिजायची तिची हौस बान्यी सान फिलिप्पोला फिटली. इथे झाडीतून एक ओढा वाहतो, त्याच्या गरम पाण्यातल्या चुन्याचे थर साचून साचून पांढरेशुभ्र कातळ तयार झालेत. सगळ्यात मोठ्या कातळाला लोक पांढरा देवमासा म्हणतात. त्यावर चढू नये, तरी पोरं चढत होती. गंधकाचा वास पहिली पाच मिनिटं नाकात बसतो. सकाळी आठला पोचलो तर मोजून चार माणसं. आई कुर्ता-लेगिंगमध्ये मानेपर्यंत पाण्यात बसली, आणि कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. अकरापर्यंत गर्दी वाढली, तोवर आम्ही निघालो होतो. एक सांगते: चांदी घालून जाऊ नका. आईची जोडवी काळी ठिक्कर पडली. तिला ती काढायची नव्हतीच, आणि रात्री टूथपेस्ट लावून घासताना ती अजिबात वैतागली नाही. वाट उतरणीची आहे आणि दगड निसरडे, रबरी तळव्याच्या चपला हव्यातच.

सातूर्नियाच्या प्रसिद्ध धबधब्यांपाशी आम्ही अर्धा तासही थांबलो नाही. ३७ अंशांचं सुंदर निळसर पाणी, पण शनिवारी दुपारी प्रत्येक कुंडात फोन उंचावलेले हात.

खाण्याचं सांगायचं तर शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही, पण चीजच्या बाबतीत विचारून घ्या. पिएन्झा गावाचं मेंढीच्या दुधाचं पेकोरीनो चीज जगप्रसिद्ध आहे, दुकानाबाहेरच वास येतो. पण दूध विरजायला बहुतेक ठिकाणी कोकराच्या पोटातलं विरजण वापरतात. पार्मेझानमध्येही वासराचं असतं. आईला हे कळल्यावर तिने हात मागे घेतला. चार दुकानं फिरून वनस्पतीचं विरजण घातलेलं पेकोरीनो मिळालं, मधाबरोबर खाल्लं, आणि ती पायपीट सार्थकी लागली. इथल्या पावात मीठ नसतं. मला तो खारट चीजबरोबर आवडला, आईने त्यावर सांगलीहून आणलेली शेंगदाण्याची चटणी पसरली आणि तो संपवला.

पिएन्झातच एका खानावळीत दारापाशी एक बाई पिची नावाचा इथला जाड पास्ता वळत होत्या. नुसतं पीठ, पाणी, थोडं तेल. लांब जाड दोरी हाताने लाटत जायची. आमच्याकडे आजी बोटवे आणि मालत्या करायची तसंच, फक्त हातभर लांब. आई बघत उभी राहिली आणि मला मराठीत म्हणाली, पीठ जरा सैल आहे. मग त्याच पिची टोमॅटो आणि तिथल्या मोठ्या, सौम्य लसणाच्या रश्शात आल्या, तेव्हा तिने ताट पुसून खाल्लं. स्वयंपाकघर अडीचला बंद होतं, हे मात्र लक्षात ठेवा. पावणेतीनला पोचलेल्या म्हाताऱ्या माणसाला सूपसुद्धा देत नाहीत, आणि हे मला पाहुणचाराच्या नावाखाली पटलं नाही.

पिएन्झा हे गाव मुळात कोर्सिन्यानो नावाचं खेडं. तिथे जन्मलेला एनेया सिल्व्हियो पिकोलोमिनी पुढे पोप दुसरा पायस झाला आणि त्याने १४५९ पासून काही वर्षांत बेर्नार्दो रोस्सेल्लीनोकडून अख्खं गाव नव्याने बांधून घेतलं. खर्च अंदाजाच्या कितीतरी पट झाला, तरी पोप खूश. चर्चची मागची बाजू उतारावर असल्याने खचत आलीय, आत भेगा दिसतात. मला त्या चौकापेक्षा मागची तटावरची वाट आवडली, जिथून पूर्ण खोरं दिसतं.

मोन्ताल्चीनोला आम्ही वाइनसाठी गेलो, म्हणजे मी वाइनसाठी आणि आई द्राक्षांसाठी. आईचं माहेर तासगावचं, मामाची बाग आहे. बागेत शिरताच तिची पावलं भराभर पडायला लागली. मांडव नाही, कमरेएवढ्या उंचीवर तारा, घड बारके, मणी टिचभर. मामा मणी फुगवायला घड जीएच्या, म्हणजे वाढीच्या संजीवकाच्या, द्रावणात बुडवतो, इथे मणी लहान असण्यालाच किंमत, कारण रंग आणि चव सालीत. आमच्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, इथे हिवाळ्यात एकदाच. ब्रुनेल्लो या वाइनसाठी फक्त सांजोवेझे द्राक्ष चालतं, आणि हेक्टरी ८ टनांपेक्षा जास्त उत्पन्न घ्यायला नियमानेच मनाई. मी हिशेब करून एकरी सव्वातीन टन सांगितले. मामा एकरी दहा टनांच्या गप्पा मारतो. "मग हे खातात काय?" आईने खरोखर काळजीने विचारलं. बाग दाखवणाऱ्या मुलाने सांगितलं, तोडणीनंतर पाचवं वर्ष उजाडेपर्यंत ही वाइन विकता येत नाही, त्यातली किमान दोन वर्षं लाकडी पिंपात. आईला पैसा इतकी वर्षं अडकून पडतो हे फार लागलं. व्यापाऱ्याने पैसे थकवल्याची मामाच्या घरची वर्षं तिने पाहिलीयत. हप्ते कसे भरता, बँक थांबते का, हे तिने मला भाषांतर करून विचारायला लावलं, आणि त्या मुलाने सगळी उत्तरं नीट दिली. वर्षभरातच बाजारात जाणारी स्वस्त रोस्सो दी मोन्ताल्चीनो असते, तिच्यावर घर चालतं.

मला रोजच्या जेवणाबरोबर ती रोस्सोच जास्त आवडली. ब्रुनेल्लो सुंदर आहे, पण एका पेल्याचे पैसे देताना हात अडखळतो. तिथेच मी आईला सांगितलं की हेच सांजोवेझे आपल्या अकलूजला लावलंय, फ्रातेल्ली वायनरीने, तस्कनीतले वाइन बनवणारे पिएरो मासी यांना बरोबर घेऊन. तिने लगेच मामाला फोन लावला. मामाने विचारलं, दर काय मिळतो?

मोन्तेपुल्चानो सगळ्यात देखणं आणि आईसाठी सगळ्यात वाईट ठरलं. मुख्य रस्ता म्हणजे चढच चढ, आणि बसायला बाकडी जवळजवळ नाहीत. खालून वरच्या चौकापर्यंत छोटी बस जाते, ती घ्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाने कुठल्या गावात जावं हे प्रवासाच्या लेखांत कुणी लिहीत नाही, म्हणून लिहिते: पिएन्झा आणि बान्यो विन्योनी निर्धास्त, मोन्ताल्चीनो जमेल, सान फिलिप्पोला कुणाचा तरी हात धरून. आणि हॉटेलच्या गरम तलावाचं तिकीट काढण्याआधी कपड्यांचा नियम लेखी मागून घ्या.