विरोधी बाकावरचा तालुका

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिका समितीचा मेसेज आला, शाळेच्या आठवणी लिहा, दोन पानं, सोबत फोटो. बाकीच्यांनी काय लिहिलं असणार ते मला न बघता सांगता येतंय, प्रार्थनेची घंटा, पटांगणातला लिंब, गणिताच्या सरांची छडी. ते सगळं मलाही आठवतं, पण मी लिहितोय आबासाहेबांवर, म्हणजे सांगोल्याचे जुने आमदार भाई गणपतराव देशमुखांवर. समितीतल्या एका मित्रानं फोन करून विचारलंच, शाळेच्या अंकात राजकारण कशाला घालतो बाबा. आता सांगोला तालुक्यात हायस्कूल शिकलेल्या पोरांना नागरिकशास्त्र आणि आबासाहेब वेगळे करता येतात का सांगा, आमच्या बॅचला तर नाहीच येत.

त्याला कारण आमचे नागरिकशास्त्राचे सर. ते पुस्तक उघडायचे, विधानसभेत 288 सदस्य असतात एवढं वाचायचे आणि पुस्तक मिटून टाकायचे. मग सुरू व्हायचा आपला तालुका. मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा एक पोरगा पुण्यात शिकतो, वकील होतो, सांगोल्याच्या कोर्टात वकिली करायला येतो आणि 1962 ला शेकापकडून, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाकडून, आमदार होतो, म्हणजे गाव इथलं नाही आणि पक्ष सत्तेतला नाही, तरी. काँग्रेसचं वारं असं होतं तेव्हा की दगड उभा केला तरी निवडून येईल म्हणायचे, त्या काळात. 1967 ला परत आले, 1972 ला पडले, 1974 च्या पोटनिवडणुकीत परत हजर, मग 78, 80, 85, 90. आम्ही शाळेत होतो तेव्हा हा आकडा सातवर होता. पुढं 1999 पासून 2014 पर्यंत आणखी चार, अकरा झाले. एकाच मतदारसंघातून अकरा वेळा, महाराष्ट्रात दुसरं नाव नाही.

पण सरांना आकड्याचं कौतुक कमीच होतं. त्यांचा भर वेगळ्याच गोष्टीवर असायचा, हा माणूस सत्तेत किती होता ते बघा म्हणायचे. 1978 ला शरद पवारांच्या पुलोदच्या (पुरोगामी लोकशाही दलाच्या) सरकारात मंत्री, नंतर 1999 ला विलासराव देशमुखांच्या सरकारात काही काळ मंत्री, तेव्हा आम्ही शाळा सोडलेली होती. पुलोदच्या आधी 1977-78 ला काही महिने विरोधी पक्षनेते. बाकी बहुतेक हयात विरोधी बाकावर. आणि विरोधी बाकावर बसून आमदार करतो काय, हा सरांचा आवडता प्रश्न. पोरं म्हणायची, भांडतो. सर म्हणायचे, भांडायला काय, मारुतीच्या पारावर पण भांडतात, तिथं पगार देतात का कुणाला.

तर नववीत सरांनी वर्गात विधानसभा भरवली. बाकं समोरासमोर लावली, मॉनिटर अध्यक्ष, आणि मंत्री व्हायला सगळ्यांची झुंबड, मी पण त्यातच. मला टाकलं विरोधी बाकावर, मागच्या रांगेत, अन् वर होमवर्क. मंत्र्यांना काही नाही, ते नुसते उभं राहून "शासन विचार करील" म्हणणार, प्रश्न मात्र आम्ही आणायचे. तारांकित प्रश्न (मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) म्हणजे काय, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडं सरकारचं लक्ष वेधणारी सूचना) म्हणजे काय, कपात सूचना (खात्याच्या खर्चाला कात्री लावा म्हणणारी) कुठल्या मागणीवर देतात, हे सगळं मला त्या आठवड्यात कळलं ते आजतागायत लक्षात आहे (एमपीएससीच्या नादात नंतर हेच परत वाचलं, पोस्ट मिळाली नाही ती गोष्ट वेगळी). माझा प्रश्न रोजगार हमीवर होता. आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली, तिला विचारून आलो, मस्टर म्हणजे हजेरीपट कोण भरायचं, पगार कधी व्हायचा, मजुरांना खायला सुकडी कशी मिळायची. तो प्रश्न वाचून सर म्हणाले, आता कळलं का, आमदाराला मुंबईत तोंड उघडायच्या आधी गावात कान उघडावे लागतात.

रोजगार हमीचं इथं थोडं लिहितोच, कारण आत्ताच्या पोरांना ती फक्त दिल्लीची स्कीम वाटते. ती जन्मली महाराष्ट्रात, विधान परिषदेचे सभापती वि. स. पागेंच्या डोक्यातून, बहात्तरच्या दुष्काळात वाढली आणि मग तिचा कायदा झाला. शेकापवाले आणि इतर डावे तेव्हा दुष्काळी कामांवरच्या मजुरांसाठी रस्त्यावर होते. आपल्या भागातले किती पाझर तलाव आणि नालाबंडिंग त्याच कामांतून झालेत, कधी पाणी भरलेलं असताना जाऊन बघा.

मार्च 1995 चा निकाल मात्र शाळेत कुणी विसरणार नाही. आबासाहेब पडले, शहाजीबापू पाटील आले, फरक दोनशे मतांचा पण नव्हता. दुसऱ्या दिवशी वर्गात दोन पार्ट्या, स्टाफरूममध्ये पण दोन पार्ट्या, शिपायापर्यंत. एकजण रडत होता, एकानं गुलाल लावून आलेला शर्ट तसाच घातलेला. सर आत आले, कुणालाच काही बोलले नाहीत, फळ्यावर भागाकार मांडला. तालुक्यात गावं साधारण शंभर धरा, दर गावातला एकच माणूस या बाजूचा त्या बाजूला गेला असता तरी निकाल फिरला असता. आता बोला, मत एकानं काय फरक पडतो म्हणणारं कोण आहे. सरांचं स्वतःचं मत कुणाला होतं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, गावात सगळ्यांचं माहीत असताना हे विशेषच.

साधेपणाच्या गोष्टी तर सगळ्यांनी ऐकल्यात. एसटीनं फिरणारा आमदार, मुंबईत आमदार निवास, सभागृह उठेपर्यंत जागेवर, मधल्या वेळात विधानभवनाच्या लायब्ररीत. एसटीत आमदारांसाठी राखीव म्हणून एक सीट असते, आमच्या डेपोच्या गाडीत ती खरोखर वापरात होती एवढंच सांगतो. पण मला विचाराल तर या एसटीच्या गोष्टीनं त्यांच्यावर थोडा अन्यायच झालाय. टीव्हीवाले आले की एसटी, पेपरवाले आले की एसटी, आणि कामाचं कोण विचारत नव्हतं. कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात सहकारी सूतगिरणी काढून ती चालवून दाखवणं, आजूबाजूच्या गिरण्या एकेक करून बंद पडत असताना, हे एसटीत बसण्यापेक्षा लई अवघड आहे. आमच्या बॅचच्या कितीतरी घरात त्या गिरणीचा पगार आलाय.

आता दुसरी बाजू पण लिहिली पाहिजे, नाहीतर सर वर बसून लाल पेनानं खोडतील. एवढी वर्षं आमदार, मग तालुक्याला पाणी का नाही, हा प्रश्न विरोधक विचारायचे आणि तो प्रश्न चुकीचा नव्हता. आम्ही दहावीला असताना पण टँकर होता. डाळिंबानं तालुका सावरला ते खरं, पण ते शेततळ्यांवर, ठिबकवर आणि शेतकऱ्याच्या मस्तीवर, कॅनॉलवर नाही, आणि मग तेल्या रोगानं बागा गेल्या तेव्हा परत सगळं उघडं पडलं. आबासाहेब काही गप्प बसले नव्हते. कृष्णा खोऱ्यातल्या 13 दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद 1993 पासून आटपाडीत भरायला लागली, क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी आणि आबासाहेब त्यात पुढं, मागणी समन्यायी पाणीवाटपाची. टेंभू काय, म्हैसाळ काय, सगळ्या उपसा सिंचनाच्या योजना, नदी खाली आणि आपण वर, पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून आणायचं, त्याला पैसा लागतो, वीज लागते, आणि पैसा ज्याच्या हातात त्याचा कारखाना नदीकाठाला. म्हणून मला वाटतं विरोधात राहण्याची किंमत आबासाहेबांपेक्षा तालुक्यानं जास्त मोजली. सत्तेतल्या पक्षात गेले असते तर पाणी दहा-पंधरा वर्षं आधी आलं असतं का, आमच्या बॅचच्या ग्रुपवर हा वाद दर उन्हाळ्यात होतो आणि दर उन्हाळ्यात दोघं ग्रुप सोडतात. माझं म्हणाल तर, गेलेल्यांचे तालुके बघितलेत, त्यातल्या किती जणांकडं पाणी आलं आणि किती जणांकडं नुसत्या गाड्या आल्या ते पण बघा. पक्ष मात्र त्यांनी बदलला नाही, आधीच लहान असलेला पक्ष आणखी लहान होत गेला तरी.

विधिमंडळात 50 वर्षं झाली तेव्हा 2012 ला सत्ताधारी, विरोधक सगळ्यांनी मिळून त्यांचा गौरव केला. 2019 ला ते उभे राहिले नाहीत, नातू डॉ. अनिकेत उभे राहिले आणि 768 मतांनी पडले, परत शहाजीबापूंकडूनच, आमच्याकडं हे मतांचे काठ काही सुटत नाहीत. 30 जुलै 2021 ला सोलापुरात आबासाहेब गेले. पुढच्याच वर्षी शिवसेनेतल्या बंडावेळी गुवाहाटीहून बापूंचं ते "काय झाडी, काय डोंगार" आलं, तेव्हापासून पुण्यात कुणाला सांगोला सांगितलं की समोरचा आधी हसतो. बापूंचा राग नाही, बोलणं आमच्या मातीतलंच आहे, पण सहा दशकांच्या राजकारणातून एवढंच बाहेर पोचलं याचं जरा वाईट वाटतं. 2024 ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेकापकडूनच निवडून आले. घराणेशाही म्हणा, निष्ठा म्हणा, ग्रुपवर दोन्ही म्हणून झालंय.

समितीकडं एकच मागणं आहे. सुवर्णमहोत्सवाच्या कार्यक्रमात नाच-गाणी ठेवलीत तशी एक दुपार विधानसभा पण ठेवा, नववी-दहावीची. विधिमंडळाची जुनी भाषणं आता नेटवर वाचायला मिळतात, दुष्काळावरची आबासाहेबांची काढून पोरांना द्या, विरोधात बोलणारांची पण द्या. आणि मंत्री कमी ठेवा. प्रश्न विचारणारी पोरं जास्त लागतील, त्यांना आधी गावात पाठवा, टँकर कुठं कुठं येतो ते लिहून आणायला.