माकडांपाशी अडलेला सिंबा : माझा अनुभव

दिवाळीच्या सुट्टीत आईवडिलांच्या घरातला माळा आवरताना माझा जुना सेगा मेगा ड्राइव्ह, म्हणजे टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचे यंत्र, आणि त्याच्यासोबत ‘द लायन किंग’ या चित्रपटावरील खेळाची कॅसेट सापडली. कार्ट्रिज हा शब्द आमच्या घरात तेव्हा कुणालाही ठाऊक नव्हता. १९९५ साली मामाने मस्कतहून आणली ती कॅसेटच होती. त्या वेळी मी नऊ वर्षांचा होतो आणि दहा लेव्हलच्या त्या खेळात दुसऱ्या लेव्हलच्या पुढे मला कधीही जाता आले नव्हते. या खेपेस तो संपवायचाच, असे ठरवून मी रोज संध्याकाळी बसू लागलो. अकराव्या संध्याकाळी खेळ संपला खरा, परंतु त्यांपैकी सहा संध्याकाळी त्याच दुसऱ्या लेव्हलमध्ये गेल्या आणि त्याबद्दलचा माझा राग अद्याप शमलेला नाही.

पहिली लेव्हल वीस मिनिटांत पार झाली. दुसरी लेव्हल म्हणजे चित्रपटातील ‘आय जस्ट कान्ट वेट टू बी किंग’ या गाण्याचा प्रसंग. रंग सुरेख, संगीत उत्तम आणि सिंबा या सिंहाच्या छाव्याची प्रत्येक हालचाल मूळ चित्रपटाइतकीच मऊ आहे. मात्र येथे पाण्यातून वर आलेल्या जिराफांच्या डोक्यांवरून उड्या मारत जावे लागते. अंदाज किंचित चुकला की सिंबा पाण्यात पडतो. शिवाय झाडांवरची माकडे त्याला झेलतात आणि एकमेकांकडे फेकतात. गुलाबी माकडावर डरकाळी फोडली की ते उलट्या दिशेला तोंड करते आणि मग सिंबाला त्या दिशेला फेकते. कोणत्या माकडाला आधी वळवायचे आणि कोणाला मुळीच हात लावायचा नाही, याचा उलगडा पडद्यावर कोठेही होत नाही. चुकीचा क्रम लागला की सिंबा फिरून त्याच जागी येतो. त्यातच शहामृगाच्या पाठीवरून धावण्याचा टप्पा आहे. तेथे उडी, दुहेरी उडी आणि खाली वाकणे यांपैकी काय करायचे, हे ठरवायला निमिषभरही मिळत नाही. या कॅसेटमध्ये खेळ जतन करण्याची किंवा पासवर्डची सोय नाही. मोजक्या संधी संपल्या की पुन्हा अगदी आरंभापासून.

नऊ वर्षांचा असताना माझी अशी समजूत झाली होती की हातच चालत नाही, म्हणून मला हे जमत नाही. हा खेळ तयार करणाऱ्या वेस्टवुड स्टुडिओजचे सहसंस्थापक लुई कॅसल यांनी पुढे जाहीरपणे सांगितले की, भाड्याने नेलेला खेळ मुलांनी दोन दिवसांत संपवून परत करू नये, म्हणून डिस्नेच्या आग्रहाखातर आरंभीचा भाग अवघड करण्यात आला आणि माकडांचे कोडेही त्याच हेतूने बिकट केले गेले. अमेरिकेतील भाड्याच्या दुकानांचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवून घातलेला हा अडसर, भेट मिळालेली एकच कॅसेट वर्षभर पुरवून खेळणाऱ्या मुलांनाही सोसावा लागला. अवघड खेळ मला आवडतात; परंतु अवघडपणा खेळातून उमलावा, दुकानाच्या हिशेबातून नव्हे.

अखेर मी कागद-पेन्सिल घेतली, माकडांची जागा आणि प्रत्येकाचे तोंड कोणत्या बाजूला आहे ते मांडले आणि एका वेळी एकच माकड वळवून सिंबा कोठे जाऊन पडतो, ते टिपत गेलो. सहाव्या संध्याकाळी मार्ग जुळला, तेव्हा मी इतक्या मोठ्याने ओरडलो की आई स्वयंपाकघरातून धावत आली. माकडावर डरकाळी फोडण्याआधी पडद्यावरची डरकाळीची पट्टी पूर्ण भरेपर्यंत थांबावे, घाई करू नये. शहामृगाचा टप्पा मात्र विचार करून नव्हे, पाठ करूनच पार होतो.

हे आधी सांगायला हवे होते : खेळ सुरू होत नसेल तर कॅसेटमध्ये फुंकर मारू नये. लहानपणी आम्ही सगळे तेच करत असू, परंतु तोंडातील ओलाव्याने धातूचे संपर्क गंजतात. कापसाच्या काडीवर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन ते पुसावेत. शिवाय, नव्या सपाट टीव्हीवर बटण दाबणे आणि उडी पडणे यांत सूक्ष्म अंतर पडते आणि जिराफांवर तेवढे अंतरही घातक ठरते. मी जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही वापरला. ज्यांच्याकडे यंत्र नाही, त्यांच्यासाठी २०१९ साली ‘अलादीन’ या डिस्नेच्याच दुसऱ्या जुन्या खेळासोबत हा खेळ पुन्हा प्रसिद्ध झाला आहे; त्यात खेळ मागे फिरवता येतो आणि जतनही करता येतो. ती सोय वापरण्यात कमीपणा मुळीच नाही. मला मूळ कॅसेटवरच जिंकायचे होते, कारण हरलो होतो तो त्याच कॅसेटवर.

पुढच्या लेव्हलपैकी ‘हकुना मटाटा’मधील धबधब्यातून कोसळणाऱ्या ओंडक्यांनी एक संध्याकाळ घेतली, बाकीच्यांनी फारसा त्रास दिला नाही. शेवटी प्राइड रॉक या कड्याच्या माथ्यावर सिंबाचा दुष्ट काका स्कार याला पंजाचे कितीही फटके दिले तरी तो मरत नाही. त्याला थकवून कड्याच्या टोकाशी न्यावे लागते आणि तेथे धरून खाली फेकावे लागते. अकराव्या संध्याकाळी, दुसऱ्या प्रयत्नात, मी त्याला फेकले आणि लगेच मामाला फोन लावला.