तुम्ही विचारलंत म्हणून: दर वेळी चिंचोनच का?

माद्रिदला आलेला प्रत्येक पाहुणा हे विचारतो आणि परत गेल्यावर ग्रुपवर पुन्हा तेच, की बाई, टोलेडो सेगोव्हिया सोडून तू सगळ्यांना त्या चिंचोनला का नेतेस, आहे काय तिथे? एका काकूंनी तर विचारलं होतं, 'चिंचा होतात का गं तिकडे?' नाही होत काकू. लसूण होतो, आणि बडीशेपेच्या वासाची एक जहाल दारू.

बघण्यासारखं म्हणाल तर आहे की. माद्रिदमधल्या कोंदे दे कासाल चौकातून ३३७ नंबरची बस, तासाभरात गाव. चौक धड गोल नाही धड चौकोनी नाही, भोवती लाकडी हिरव्या गॅलऱ्यांची घरं, आणि उन्हाळ्यात त्याच चौकात वाळू टाकून बैलांचे खेळ. वरच्या अंगाला चर्च आहे त्याला मनोरा नाही, आणि जवळच मनोरा आहे त्याला चर्च नाही, १८०८ च्या डिसेंबरात नेपोलियनच्या फौजेने गाव जाळलं त्याची ही कृपा. बिनमनोऱ्याच्या चर्चमध्ये खुद्द गोयाचं चित्र आहे, त्याचा भाऊ इथे पाद्री होता. एवढं पुरे ना?

पण मी त्यासाठी नेत नाही, ते आता सांगूनच टाकते.

आमचे अण्णा ३१ वर्षं हिवताप खात्यात. सायकलवरून वाड्यावस्त्या, बोट टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचं, तापकऱ्याला समोर उभं राहून कडू गोळ्या गिळायला लावायच्या. ते आले तेव्हा त्यांना चौकात बसवून मी मोठ्या ऐटीत गोष्ट सांगितली. पेरूच्या व्हाइसरॉयची बायको, म्हणजे चिंचोनची काउंटेस, लिमात तापाने फणफणली, एका झाडाच्या सालीने बरी झाली, ती साल तिने स्पेनला आणली, म्हणून १७४२ साली झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने त्या झाडाला सिंकोना नाव दिलं, स्पेलिंगमधला एक एच तेवढा खाल्ला. हिवतापावरचं कोयनेल, म्हणजे क्विनीन, त्याच सालीतून निघतं. अण्णा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, 'म्हणजे आपलं कोयनेल इथलं होय!' उठले, गॅलरीखालच्या लाकडी खांबाला हात लावला आणि तोच हात कपाळाला. वेटर बघत होता. मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

पुढे दोनेक वर्षांनी त्यांच्या खात्यातल्या रिटायर्ड लोकांचा मेळावा होता, मला व्हिडिओ कॉल लावलेला, अण्णा सगळ्यांना काउंटेसची गोष्ट रंगवून सांगतायत, अगदी मी सांगितलेली, वर स्वतःची थोडी भर. आणि मी मधेच बोलले. 'अहो अण्णा, दंतकथा आहे ती. त्या काळातली लिमाची रोजनिशी सापडलीय. गोष्टीतली काउंटेस नवरा पेरूला जायच्या आधीच वारली होती, दुसरी बायको गेली तिकडे पण तिच्या तसल्या तापाची नोंदच नाही, आणि ती पण परतीच्या वाटेत कार्टाहेनाला वारली, स्पेनला पोचलीच नाही.' सगळं एका दमात. अण्णा म्हणाले, 'असं होय.' फोन बहुतेक टेबलावर उताणा ठेवला असावा, कारण मला नंतर नुसता छताचा पंखा दिसत होता, आणि कुणीतरी जेवणाची पानं वाढायला सांगत होतं.

आता तुम्ही म्हणाल, खरं तेच बोललीस. मी पण तेव्हा स्वतःला हेच सांगितलं. जन्मभर लोकांना ताप अंगावर काढू नका, अंगारेधुपारे करू नका म्हणून सांगणारा माणूस, त्याला खोटी गोष्ट कशी चालेल? पण हे त्यांना एकट्याला फोन करूनही सांगता आलं असतं ना. चारचौघांत माझं वाचन दाखवायचं होतं मला, दुसरं काय. आणि समजा काउंटेस खोटी, तरी झाडाचं नाव या गावावरूनच पडलं, ते कुठे खोटं आहे? हे तेव्हा सुचलं नाही. अण्णांनी विषय परत काढला नाही, मी पण नाही, आता ते नाहीत.

हल्ली पाहुण्यांना आधी गोष्ट सांगते आणि परतीच्या बसमध्ये खरं काय ते. कधीकधी नाही सांगत.

पुढच्या महिन्यात अण्णांच्या खात्यातल्या एका काकांचा मुलगा येतोय. काकांचा निरोप आलाय, पोराला कोयनेलचं गाव नक्की दाखव. काका त्या मेळाव्यात होते, पंख्याखालीच कुठेतरी. त्यांनी माझं ऐकलं होतं का, हे विचारायची हिंमत होत नाहीये.