रविवार, रात्री साडेअकरा

कॉलेजात असताना माझ्या खोलीत इंग्लिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनचं पोस्टर होतं. भिंतीचे पोपडे झाकायला लावलेलं, पण भक्तीही तेवढीच. आज यूट्यूबवर जुन्या चित्रफिती बघता बघता पुन्हा त्याच्या बर्मिंगहॅमच्या कार्यक्रमापाशी येऊन अडकलो. ५ ऑगस्ट १९७६. दारू ढोसून हा माणूस भर कार्यक्रमात सांगतो, परक्यांना हाकला, स्थलांतरितांच्या विरोधात बोलणाऱ्या इनॉक पॉवेल या पुढाऱ्याच्या मागे उभे राहा. ज्याचं सगळं वादन काळ्या माणसांच्या ब्लूजवर पोसलेलं, तो! दोनच वर्षांपूर्वी जमैकाच्या बॉब मार्लीचं गाणं गाऊन अमेरिकेत पहिला नंबर पटकावलेला.

रेड सॉन्डर्स नावाचा फोटोग्राफर आणि त्याचे मित्र चिडले, त्यांनी संगीत साप्ताहिकांना पत्र लिहिलं. त्यातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही वर्णद्वेषाविरुद्धची गाण्याबजावण्याची चळवळ उभी राहिली.

तेव्हा नव्यानं गाजणारे पंक रॉकवालेही काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. त्यांच्यातला सिड व्हिशस हिटलरचं स्वस्तिक छातीवर मिरवत हिंडायचा, का तर म्हाताऱ्यांना डिवचायला. (आमच्या दारातल्या रांगोळीतलं स्वस्तिक वेगळं, हे परदेशी मित्राला समजावताना माझी नेहमी दमछाक होते.) नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाची पोरंही याच गाण्यांवर नाचायची. त्यामुळे आपण कुणाचे, हे पंकवाल्यांना मोठ्यानं सांगणं भागच पडलं.

३० एप्रिल १९७८. लंडनमध्ये ट्रॅफल्गर स्क्वेअरपासून व्हिक्टोरिया पार्कपर्यंत या चळवळीचा मोर्चा आणि पुढे द क्लॅश, स्टील पल्स या बँडची गाणी. मी मात्र थांबलो पॉली स्टायरीन या पंक गायिकेवर. बाप सोमाली, आई गोरी, दातांना तारा, डोक्याला फडकं, आणि आवाज असा की पत्र्यावर खिळा ओढावा. तिचा तो तुकडा मी चारदा मागे नेऊन पाहिला.

पुढच्या वर्षी लंडनमध्ये पाकिस्तानी घरांतल्या पोरांनी एका गोऱ्या गिटारवाल्याला घेऊन बँड काढला. थॅचरबाई म्हणाल्या होत्या ना, परक्या संस्कृतीचे लोक आपल्याला बुडवतील अशी लोकांना भीती वाटते? पोरांनी बँडचं नावच ठेवलं ‘एलियन कल्चर’. असला तिरकेपणा मला भाषणांपेक्षा जास्त आवडतो.

पण त्या मोर्चानंतर चारच दिवसांनी, ४ मे रोजी, अल्ताब अलीला मारलं. कपडे शिवणारा बंगाली तरुण, व्हाइटचॅपलमध्ये, काम संपवून घरी निघालेला. चारच दिवस! हे वाचलं आणि फोन उलटा करून ठेवला.

मग गिटार घेतली. बोटं आपसूक क्लॅप्टनच्याच सोलोवर गेली. तीन स्वर वाजले, तेव्हा लक्षात आलं.