अंगणातला पाऊस मोजताना

२६ जुलै २००५ चा पाऊस मुंबईकर विसरलेले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४.२ मिलिमीटर पडला, कुलाब्याला ७३.४. शहर एकच. म्हणूनच पेपरात आलेला तालुक्याचा आकडा आपल्या वाडीलाही लागू पडेल, असं धरून चालता येत नाही. वाडीचा पाऊस वाडीतच मोजायला हवा.

साधन घरी करता येतं. ११.३ सेंटिमीटर आतल्या व्यासाचं नरसाळं घेतलं तर तोंडाचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर भरतं आणि १० मिलिलिटर पाणी म्हणजे बरोबर १ मिलिमीटर पाऊस. व्यास वेगळा असेल तर मिलिलिटरला १० ने गुणून क्षेत्रफळाने भागायचं. व्यास तीन-चार ठिकाणी मोजून सरासरी घ्या, ११.३ च्या जागी ११ धरला तरी क्षेत्रफळात पाच टक्क्यांचा फरक पडतो. तेलाचं उथळ नरसाळं नको, टपोरे थेंब त्यातून उसळून बाहेर जातात. वरची कड सरळ उभी आणि पाच-सहा सेंटिमीटर तरी उंच हवी. खाली दोन लिटरची अरुंद तोंडाची बाटली ठेवा आणि ती ऊन लागू नये म्हणून पीव्हीसी पाइपात बसवा. ही बाटली २०० मिलिमीटरला भरते. कोकणात आणि घाटमाथ्यावर तेवढं पुरत नाही, तिथे झड लागली की संध्याकाळीही मोजून सकाळच्या आकड्यात मिळवायचं.

नरसाळ्याची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर आणि पाणसळीत असावी. झाड, भिंत, पत्रा यांच्या उंचीच्या दुप्पट तरी अंतर सोडा. गच्ची शक्यतो टाळा, कठड्यावरून उसळणारा वारा थेंब उडवून नेतो आणि आकडा कमी येतो.

मोजायची वेळ सकाळी साडेआठ, हवामान खात्याचीही तीच. तारीख मोजल्या दिवसाची लिहायची, म्हणजे मंगळवारी दुपारचा वळीव बुधवारच्या रकान्यात जातो. मोजपात्र सपाट जागी ठेवून डोळा पाण्याच्या पातळीत आणा. पाण्याची कड काचेला चढलेली दिसते. तिचा नव्हे, मधल्या खोलगट भागाचा आकडा वाचा.

वही बिघडते ती बहुतेक कोऱ्या रकान्यांनी. पाऊस नसेल तेव्हा ०.० लिहायलाच हवं. मोजलं नसेल तर आडवी रेघ. भुरभुर झाली पण मोजण्याइतकं पाणी साचलं नाही, तर 'नाममात्र'. तीन दिवस गावाला गेलात आणि बाटलीत ४२ मिलिमीटर निघालं, तर ते मोजल्या तारखेला 'तीन दिवसांचे मिळून' असं लिहा. प्रत्येकी १४ वाटून टाकू नका. २.५ मिलिमीटर किंवा जास्त पडला तरच तो पावसाचा दिवस धरतात, त्यामुळे अशा वाटणीने न पडलेल्या पावसाचे दिवस वहीत वाढतात.

कुंभारीण माशी नरसाळ्याच्या नळीत मातीचं घर करते, कोळी जाळं विणतो. पाणी वरच तुंबतं आणि ऊन पडलं की उडून जातं. आठवड्यातून एकदा नळीतून काडी फिरवा. स्वयंचलित यंत्रातलीही नळी अशीच बुजते. त्यातलं झुलतं पात्र दर ०.२ मिलिमीटरला कलंडतं (काहींत हे माप वेगळं असतं), पण कलंडत असताना पडणारं पाणी मोजलं जात नाही, म्हणून मुसळधार पावसात आकडा कमी दिसतो. यंत्र घेतलंत तरी शेजारी बाटली राहू द्या.

बेरीज महिन्याबरोबर नक्षत्रवारही करा. ७-८ जूनला मृग लागतं आणि पुढे प्रत्येक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं. जुलैची बेरीज भरघोस दिसते, पण तरण्या पावसात, म्हणजे पुनर्वसूत, सगळं ओतून गेलं आणि म्हाताऱ्यात, पुष्यात, उघडीप पडली, हे महिन्याच्या आकड्यात दिसत नाही. पेरणी केलेल्याला मात्र नेमकं तेच हवं असतं.

मिलिमीटरच्या शेजारी मूळ मिलिलिटरही लिहून ठेवा, व्यास चुकला होता असं कळलं तर सगळी वही दुरुस्त करता येते. नरसाळं बदलाल तेव्हा जुनं-नवं महिनाभर शेजारीशेजारी चालवा आणि बदलाची तारीख लाल शाईने नोंदवा.