मायनर आणि लोहाच्या गोळ्या

इंदूर, ८ मे

आज थॅलेसेमिया दिन, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक रक्तविकाराचा दिवस. डोक्यात एकच चित्र घोळतंय: हिमोग्लोबिन ११, एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) ६२, आरबीसी (लाल पेशींची संख्या) ५.८, आणि लोहाची कमतरता समजून महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या. ६२ ला ५.८ ने भागलं की १०.७ येतात. हा आकडा १३ च्या खाली गेला तर थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे माणूस या विकाराचा नुसता वाहक असल्याचा, संशय घ्यायचा. लोहाच्या कमतरतेत पेशी लहान होतात तशी त्यांची संख्याही घटते, त्यामुळे तिथे तो बहुधा १३ च्या वर राहतो.

हा नुसता इशारा. निदान एचपीएलसीवर (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी रक्तचाचणी), त्यात एचबीए२ हा प्रकार साधारण ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर. आणि घात होतो तो इथेच. लोह फार कमी असलं की एचबीए२ खाली उतरतं, रिपोर्टात ३.४ येतं आणि मायनर असलेली मुलगी नॉर्मल ठरते. म्हणून सोबत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघावं, लोह भरून काढावं, मग एचपीएलसी पुन्हा करावी. नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर तीन महिने थांबावं. नाहीतर रिपोर्टात रक्तदात्याचंही रक्त मोजलं जातं.

हिमोग्लोबिनमधल्या बीटा साखळीचं जनुक ११व्या गुणसूत्रावर असतं. एक प्रत आईची, एक वडिलांची. एक बिघडली तरी दुसरी निभावून नेते. दोघेही मायनर असतील तर बाळ मेजर, म्हणजे गंभीर आजारी, होण्याची शक्यता २५ टक्के, आणि ती दर गरोदरपणात नव्याने. ‘पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन सुटली’ हे ऐकलं की पोटात तुटतं.

इथल्या मराठी घरांत ‘हे सिंधी-पंजाब्यांचं’ म्हणून विषय मिटतो. पण आपल्या सोयरिकी विदर्भातही होतात, आणि तिथे सिकलसेल (लाल पेशी कोयत्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक विकार) आहे. इकडे झाबुआ-अलीराजपूरच्या भिल्ल समाजातही आहे. जनुक तेच बीटा साखळीचं, फक्त एक अक्षर बदललेलं: साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन. एक जण सिकलसेलचा वाहक, दुसरा थॅलेसेमिया मायनर. दोघे ठणठणीत, पण दोन्ही बिघडलेल्या प्रती बाळाकडे गेल्या तर सिकल-बीटा थॅलेसेमिया. सिकलसेलसाठी करतात त्या सोल्युबिलिटी चाचणीला थॅलेसेमिया दिसत नाही. दोघांचीही एचपीएलसीच हवी.

शक्यतो लग्नाआधी. दिवस गेले असतील तर पहिल्याच तपासणीत, कारण आधी आईवडिलांचे बिघाड डीएनएत शोधावे लागतात, तेव्हा कुठे ११ ते १३ आठवड्यांत वारेचा कण तपासता येतो. ते हुकलं तर सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल. तोवर पोट दिसू लागलेलं असतं, घरी सगळ्यांना सांगून झालेलं असतं.